सिस्टर, एक विचारायचं होतं : कैदेत गेलेले, जखमी झालेले आणि परत आलेले

मागच्या अंकात १९७१ च्या युद्धातल्या मिलिटरी हॉस्पिटलांवर थोडं लिहिलं होतं. त्यानंतर जे मेल आले त्यात रणगाडे, विमानं, कोण जिंकलं कोण हरलं असलं काहीच नव्हतं, जवळजवळ सगळ्यांनी आपल्या घरातल्या नाहीतर ओळखीतल्या माणसाबद्दल विचारलंय. मला ते फार आवडलं. मी आर्मीत नर्सिंग ऑफिसर होते, आता रिटायर होऊन मुलुंडला असते, त्यामुळे काही वॉर्डात बघितलेलं आणि काही नंतर वाचून गोळा केलेलं, अशी ही उत्तरं आहेत. वाचकांची नावं मुद्दाम छापलेली नाहीत.

सिस्टर, माझे पणजोबा मराठा पलटणीत होते. दुसऱ्या महायुद्धात टोब्रुकला पकडले गेले आणि मग इटलीत कैदेत होते, एवढंच घरात माहीत आहे. गावाकडे अजून काही जण "हात वर करून आले" असं बोलतात. आजोबा तर हा विषय निघाला की उठून जायचे. यात खरंच लाज वाटण्यासारखं काही आहे का? आणि त्यांची माहिती कुठे मिळेल?
— एक वाचक, लालबाग

दादा, पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. नाही, काहीही नाही. आणि गावात परत कोणी तसं बोललं तर त्यांना टोब्रुकला काय झालं ते नीट सांगा.

टोब्रुक हे लिबियातलं बंदर. जून १९४२ मध्ये तिथे अकरावी भारतीय ब्रिगेड होती आणि तिच्यात मराठा लाईट इन्फंट्रीची दुसरी बटालियन, जिला पलटणीतले लोक "काली पांचवी" म्हणतात. बंदराभोवतीच्या तटबंदीची आग्नेय बाजू या ब्रिगेडकडे होती. आता ही तटबंदी कागदावर भक्कम होती, पण प्रत्यक्षात तिथले बरेच सुरुंग आधीच काढून दुसऱ्या आघाडीवर नेले होते आणि टँक अडवण्यासाठी खणलेला खंदक ठिकठिकाणी वाळूने भरून गेला होता. २० जूनच्या पहाटे जर्मन-इटालियन फौजेचा सेनापती रोमेल याने नेमका त्याच बाजूने हल्ला केला, आधी विमानांतून बॉम्ब, मग तोफा आणि मागोमाग टँक. रायफल आणि थोड्याफार तोफा घेऊन पायदळ टँकसमोर किती वेळ थांबणार? दुसऱ्या दिवशी, २१ तारखेला, तिथले मुख्य अधिकारी जनरल क्लॉपर यांनी शरणागती दिली आणि सुमारे ३३ हजार सैनिक एकदम कैदी झाले, त्यात ब्रिटिश होते, दक्षिण आफ्रिकेचे होते, आपले होते. म्हणजे शरण जायचं की नाही हे तुमच्या पणजोबांना कोणी विचारलंच नव्हतं. तो हुकूम वरून आला. शिपायाने हुकूम पाळला आणि त्याच्या वाट्याला पुढची वर्षं तारांच्या कुंपणाआड आली, आणि त्यावर घरी आल्यावर गावाचं बोलणं. मला हे वाचून खरंच वाईट वाटलं.

इटलीतल्या कॅम्पांचं म्हणाल तर तिथे मारहाणीपेक्षा भूक, थंडी आणि रिकामा वेळ यांनी माणसं जास्त खचली. सगळा जीव रेड क्रॉसच्या पार्सलात आणि घरच्या पत्रात अडकलेला. पत्र सेन्सॉर होऊन यायचं, खूप उशिरा यायचं, आणि गावाकडे लिहिणारा कोणी नसेल तर यायचंच नाही. मग ८ सप्टेंबर १९४३ ला इटलीने ब्रिटन-अमेरिकेसमोर शस्त्रं ठेवल्याची घोषणा झाली आणि एकच गोंधळ उडाला. काही कॅम्पांतले पहारेकरी निघून गेले, हजारो कैदी बाहेर पडून डोंगरांत शिरले, काही चालत चालत स्वित्झर्लंडपर्यंत पोचले. इटलीतल्या साध्या शेतकरी कुटुंबांनी या माणसांना गोठ्यात, माळ्यावर लपवलं, खायला घातलं, पकडलं गेलो तर जर्मन गोळी घालतील हे माहीत असून. ज्यांना बाहेर पडता आलं नाही त्यांना जर्मनांनी रेल्वेच्या मालडब्यांत घालून जर्मनीला नेलं. तुमचे पणजोबा यातल्या कुठल्या गटात होते हे शोधण्यासारखं आहे, कारण दोन्ही गोष्टी अगदी वेगळ्या आहेत.

शोधायचं कसं, तर सगळ्यात आधी आर्मी नंबर हवा. जुनी ट्रंक, डिस्चार्जचे कागद, पेन्शनचं पुस्तक, मेडलची डबी, सगळं बघा, आणि आत्याकडे, चुलत घरांत विचारा, कारण असे कागद बऱ्याचदा लेकीकडे गेलेले असतात. नंबर, नाव, गाव आणि तालुका एवढं घेऊन बेळगावला मराठा लाईट इन्फंट्रीच्या रेकॉर्ड ऑफिसला लिहा, सोबत तुमच्या जिल्ह्याच्या सैनिक कल्याण कार्यालयातही अर्ज द्या. जिनिव्हाला आंतरराष्ट्रीय रेड क्रॉसकडे युद्धकैद्यांच्या नोंदी आहेत, पहिल्या महायुद्धाच्या तर इंटरनेटवर कोणालाही बघता येतात, दुसऱ्या महायुद्धासाठी मात्र अर्ज करावा लागतो आणि ते वर्षातल्या ठरावीक काळातच मर्यादित अर्ज घेतात, तेव्हा त्यांच्या साईटवर लक्ष ठेवा. स्पेलिंग तीन-चार प्रकारे शोधा. आपल्या नावांची साहेबांनी काय काय अवस्था केलीय ते बघाल तर थक्क व्हाल.

नमस्कार सिस्टर. मी बारावी सायन्सला आहे आणि मला आर्मीत नर्स व्हायचंय. घरचे म्हणतात युद्धात डॉक्टर-नर्सला कोणी मारत नाही, रेड क्रॉस बघून सोडून देतात. खरं आहे का? आणि त्यांच्याकडे बंदूक असते का?
— एक विद्यार्थिनी, कांदिवली

बाळा, घरच्यांना धीर यावा म्हणून मी खोटं सांगणार नाही. कायदा तसाच आहे. १९४९ च्या जिनिव्हा करारात डॉक्टर, नर्स, स्ट्रेचर उचलणारे, ॲम्ब्युलन्स, हॉस्पिटल, सगळ्यांना संरक्षण आहे आणि त्यांच्यावर मुद्दाम हल्ला करणं गुन्हा आहे. पण तोफेच्या गोळ्याला क्रॉस दिसत नाही. बंदुकीचं म्हणशील तर स्वतःच्या आणि आपल्या पेशंटच्या बचावासाठी हत्यार ठेवायला परवानगी आहे, ते घेऊन लढाईत उतरलं तर मात्र ते संरक्षण जातं.

जखमी माणूस मागे कसा येतो ते तुला सांगते, कारण हे कोणी सांगत नाही. गोळी लागली की पहिला हात शेजारच्या जवानाचा असतो, खिशातली फील्ड ड्रेसिंगची पट्टी काढून दाबून धरायची. मग स्ट्रेचरवाले. शांततेच्या काळात परेडला बँड वाजवणारे जवानच युद्धात स्ट्रेचर उचलतात, ही पलटणींची जुनी पद्धत आहे. ते त्याला बटालियनच्या डॉक्टरकडे आणतात, म्हणजे आरएमओकडे, त्याची जागा फळीच्या थोडी मागे, एखाद्या बंकरमध्ये किंवा दगडाच्या आडोशाला. तिथे रक्त थांबवायचं, श्वास मोकळा करायचा, दुखणं कमी करायचं आणि पुढे पाठवायचं, बस्स. मग फील्ड ॲम्ब्युलन्स, म्हणजे आघाडीमागचं फिरतं उपचार पथक, मग हॉस्पिटल, आणि तिथे तू. या सगळ्यात सर्वात अवघड काम ऑपरेशनचं नाही, आधी कोणाला घ्यायचं हे ठरवण्याचं आहे. तिथे हुद्दा बघायचा नाही, आपला की शत्रूचा हेही बघायचं नाही, कोणाला आत्ता हात लावला तर जगेल एवढंच बघायचं. करारातही तेच लिहिलंय आणि आमच्या सिनियर सिस्टरनेही पहिल्याच दिवशी तेच सांगितलं होतं.

आणि मेडिकलचा माणूस शत्रूच्या हाती लागला तर तो युद्धकैदी धरला जात नाही, त्याला ठेवून घेतलं तर ते फक्त कैद्यांवर उपचार करण्यासाठी, आणि कैद्याला मिळणारं सगळं संरक्षण त्यालाही मिळायला हवं.

तू मुंबईची आहेस म्हणून आणखी एक सांगते. परळच्या सेठ जी. एस. मेडिकल कॉलेजातून शिकलेले सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली पाच डॉक्टरांच्या पथकातून चीनला गेले, जपानी हल्ल्यात जखमी झालेल्यांवर उपचार करायला. बाकीचे हळूहळू परत आले, हे तिथेच राहिले, आघाडीजवळच्या हॉस्पिटलात काम करत, आणि ९ डिसेंबर १९४२ ला तिथेच गेले, वय फक्त ३२. त्यांच्याबद्दल शाळेत चार ओळी असतात, तू जास्त वाच. मिलिटरी नर्सिंगच्या बीएस्सीला प्रवेश आता नीटच्या मार्कांवर होतो, तेव्हा बायोलॉजी सोडू नकोस.

युद्धकैदी पळाला तर तो गुन्हा होतो का? पकडल्यावर शिक्षा काय?
— एक वाचक, गिरगाव

पळून जायचा प्रयत्न करणं हे सैनिकाचं कर्तव्यच मानतात, आणि जिनिव्हा करारालाही ते मान्य आहे. नुसत्या पळण्यासाठी फक्त शिस्तभंगाची शिक्षा देता येते, ती जास्तीत जास्त ३० दिवस. आणि जो आपल्या सैन्यापर्यंत पोचला आणि नंतर पुन्हा कधी पकडला गेला, त्याला आधीच्या पळण्याबद्दल काहीच शिक्षा नाही.

आपल्याकडचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण फ्लाइट लेफ्टनंट दिलीप परुळकर यांचं. १० डिसेंबर १९७१ ला त्यांचं सुखोई विमान पडलं आणि ते पाकिस्तानच्या हाती लागले. रावळपिंडीच्या कॅम्पात आपल्या हवाई दलाचे बारा वैमानिक होते. सुरुवातीला प्रत्येकाला वेगळ्या कोठडीत, एकटं. मग नाताळच्या दिवशी कॅम्पचे प्रमुख स्क्वाड्रन लीडर उस्मान हमीद यांनी केक आणून सगळ्यांना एकत्र बसवलं. शत्रूचा अधिकारी असून त्याने हे केलं, हे नाव लक्षात ठेवा, पुढे परत येणार आहे.

युद्ध संपलं, जुलै १९७२ मध्ये सिमला करार झाला, तरी सुटकेचं नाव नाही. परुळकर, मलविंदरसिंग ग्रेवाल आणि हरीश सिंहजी या तिघांनी कोठडीच्या भिंतीतल्या विटा एकेक करून सैल केल्या, आणि १२ ऑगस्टच्या रात्री वादळी हवेत बाहेर पडले. सोबत शाळेच्या ॲटलासवरून घेतलेला नकाशा, सुईला चुंबक लावून केलेलं होकायंत्र, अंगात पठाणी कपडे. बसने पेशावर, तिथून पुढे खैबर खिंडीतून लंडी कोतल. अफगाणिस्तान जेमतेम चार मैलांवर. नकाशात पुढचं रेल्वे स्टेशन लंडी खाना दाखवलं होतं म्हणून त्यांनी लंडी खानाला कसं जायचं असं विचारलं, आणि तिथेच घात झाला. ते स्टेशन १९३२ सालीच बंद झालेलं! नकाशा जुना. स्थानिक माणसाला संशय आला आणि तिघं पकडले गेले. तिथे जमावाने काय केलं असतं सांगता येत नाही, पण परुळकरांना सुचलं, उस्मान हमीद यांना फोन लावा म्हणून सांगितलं, ते तोवर पाकिस्तानच्या हवाई दल प्रमुखांचे एडीसी, म्हणजे खास मदतनीस अधिकारी, झाले होते, आणि त्या एका फोनमुळे तिघंही वाचले. १ डिसेंबर १९७२ ला वाघा सीमेवरून सगळे परत आले.

मला यात पळण्याएवढंच मोठं वाटतं ते मागे राहिलेल्यांचं वागणं. काहींचे पाय मोडलेले, काही आजारी, आपण जाऊ शकणार नाही आणि हे गेल्यावर सगळा राग आपल्यावर निघणार हे माहीत असूनही त्यांनी मदत केली.

आपण पाकिस्तानचे सोडून दुसऱ्या कोणाचे कैदी कधी सांभाळलेत का?
— एक वाचक, विलेपार्ले

हो, आणि ते काम आपल्या कोल्हापूरकडच्या माणसाच्या हाताखाली झालं. कोरियाचं युद्ध थांबल्यावर १९५३ मध्ये चीनचे आणि उत्तर कोरियाचे २२ हजारांवर कैदी आपल्या देशात परत जायला तयार नव्हते, आणि दुसऱ्या बाजूचे, म्हणजे दक्षिण कोरिया-अमेरिकेकडचेही, ३५९ जण तसेच होते. सगळ्यांना सांभाळायला दोन्ही बाजूंना मान्य झालं ते भारतीय सैन्य, आणि त्याचे प्रमुख होते मेजर जनरल एस. पी. पी. थोरात. कैदी बिथरलेले, आपापसात मारामाऱ्या, एकदा तर त्यांनी आपल्या एका मेजरलाच कुंपणाच्या आत पकडून ठेवलं. थोरात स्वतः आत गेले आणि बोलून त्यांना सोडवून आणलं. शेवटी ८८ कैदी भारतातच यायचं म्हणून आपल्या लोकांबरोबर निघाले. यावर मराठीत एवढं कमी का लिहिलं जातं हे मला कळत नाही.

१९७१ चे आपले सैनिक अजूनही तिकडच्या तुरुंगात आहेत असं व्हॉट्सॲपवर सारखं येतं. खरं काय?
— एक वाचिका, दादर

ताई, या विषयावर फॉरवर्ड पाठवू नका अशी हात जोडून विनंती आहे, कारण या माणसांच्या घरचे लोक आजही आहेत आणि तेही व्हॉट्सॲप वाचतात. खरं एवढं आहे की बेपत्ता असलेले ५४ जण पाकिस्तानच्या ताब्यात असावेत असं आपल्या सरकारने संसदेत सांगितलंय आणि पाकिस्तान ते कायम नाकारत आलाय. आपण त्यांचे सुमारे ९३ हजार कैदी परत पाठवले, आपलेही ६०० च्या वर परत आले, पण हे आले नाहीत. त्यातलं एक नाव फ्लाइट लेफ्टनंट विजय तांबे. ५ डिसेंबर १९७१ ला त्यांचं विमान पाकिस्तानातल्या शोरकोटवर पडलं, आणि तिकडच्या एका पेपरात पकडलेल्या वैमानिकांच्या यादीत त्यांच्या नावाशी जुळणारं नाव छापून आलं होतं. त्यांच्या पत्नी दमयंती तांबे, बॅडमिंटनच्या राष्ट्रीय विजेत्या, अर्जुन पुरस्कार मिळालेल्या, लग्नाला दोन वर्षंही झाली नव्हती. तेव्हापासून त्या सरकारदरबारी विचारत राहिल्या. २००७ मध्ये १४ नातेवाईकांना पाकिस्तानातल्या तुरुंगांत नेऊन दाखवलं, कोणी सापडलं नाही. करार सांगतो की लढाई थांबल्यावर विलंब न लावता कैदी सोडा, आणि प्रत्येक कैद्याची नोंद रेड क्रॉसला द्या. ती नोंद झाली नाही तर माणूस जिवंतांतही नाही आणि मेलेल्यांतही नाही. यापेक्षा मोठी शिक्षा घरच्यांना दुसरी असू शकत नाही.

सिस्टर, माझे सासरे ७१ ला नर्सिंग असिस्टंट होते. आता पंचाहत्तरी उलटली. इतकी वर्षं ठीक होते, पण सासूबाई गेल्यापासून रात्री ओरडत उठतात, दिवाळीत फटाके वाजले की बाथरूममध्ये जाऊन कडी लावतात. नातवाने प्रोजेक्टसाठी "आजोबा, किती जणांना वाचवलंत?" असं विचारलं तर ताट सोडून उठले. मुलं घाबरतात. मी काय करू?
— एक सून, बोरिवली

अगं ताई, पहिलं म्हणजे हे वेड नाही, म्हातारचळ नाही, आणि तुमच्या घरात काही कमी पडलं म्हणून झालेलं नाही. युद्धातल्या आठवणी कधीकधी चाळीस-पन्नास वर्षं गप्प बसतात. नोकरी असते, संसार असतो, शेजारी बायको झोपलेली असते. मग एकेक आधार गेला की त्या वर येतात. मी वॉर्डात अशी बरीच माणसं बघितलीत, दिवसा पेपर वाचणारी, नर्सची चौकशी करणारी, आणि रात्री दोन वाजता पलंगाखाली शिरणारी.

नातवाचं काही चुकलं नाही, त्याला ओरडू नका. पण मेडिकलच्या माणसाला "किती वाचवले" हा प्रश्न फार लागतो, कारण वाचलेले पुढच्या हॉस्पिटलात गेले, त्यांचं काय झालं ते त्याला कळलंच नाही, आणि हातात गेलेले तेवढे त्याच्याजवळ राहिले. जवान पाणी मागतोय आणि पोटात गोळी म्हणून पाणी द्यायचं नाही, हे ज्याने केलंय त्याला तो आवाज जन्मभर येतो. म्हणून नातवाला सांगा, दुसरं विचार. जेवायला काय मिळायचं, थंडीत काय घालायचे, सगळ्यात गमत्या मित्र कोण होता, पत्र किती दिवसांनी यायचं. यातून ते बोलले तर बोलू द्या, मध्येच थांबले तर थांबू द्या, आणि रडले तर उठून जाऊ नका, फक्त बसा.

रात्री ओरडत असतील तेव्हा खांदा धरून हलवू नका, ते झोपेत हात चालवू शकतात आणि मग त्यांनाच शरम वाटते. दिवा लावा, दाराशी उभं राहून "बाबा, आपण बोरिवलीला घरी आहोत" असं नाव-गाव सांगत हाक मारा. खोलीत मंद दिवा ठेवा. दिवाळीला बिल्डिंगच्या ग्रुपवर सांगून फटाक्यांची वेळ ठरवून घ्या आणि त्यांना आधी कल्पना द्या, न सांगता होणारा आवाज जास्त त्रास देतो. बाथरूमची आतली कडी मात्र बदला, बाहेरून उघडेल अशी लावा. टीव्हीवर युद्धाच्या बातम्या चोवीस तास चालू असतात तेव्हा चॅनल बदला, आणि संध्याकाळी एखादा पेग घेत असतील तर तो हळूहळू वाढतोय का तेही बघा.

हे सगळं करून डॉक्टर टाळू नका. ते पेन्शनर असतील तर ईसीएचएसचं, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचं, कार्ड असेल, पॉलिक्लिनिकमधून मानसोपचार तज्ज्ञाकडे रेफर करून घेता येतं. एकदा शरीराची तपासणीही होऊ दे, शुगर, ऐकू येणं, झोप आणि विसरणं वाढलंय का ते, कारण या वयात चारही गोष्टी एकमेकांत मिसळतात. रात्री-अपरात्री तुम्हाला स्वतःला कोणाशी बोलावंसं वाटलं तर सरकारचा टेलिमानस नंबर आहे, १४४१६, फुकट आहे, चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं. आणि मरून जावंसं वाटतं असं ते एकदा जरी म्हणाले तर पुढच्या अपॉइंटमेंटची वाट बघू नका, त्याच दिवशी घेऊन जा.

मी शाळेत इतिहास शिकवतो. मुंबईतच मुलांना या विषयावर काही दाखवता येईल का?
— एक शिक्षक, माटुंगा

सर, येईल की. काळा घोड्याजवळचं आपलं म्युझियम, छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय, मुलांनी बघितलेलंच असेल, पण ती इमारत बांधून झाल्यावर आधी तिथे हॉस्पिटल होतं, पहिल्या महायुद्धातलं लेडी हार्डिंज वॉर हॉस्पिटल. मेसोपोटेमियाच्या, म्हणजे आजच्या इराकच्या, आघाडीवरून जहाजं भरून जखमी मुंबईला उतरायचे. म्युझियम म्हणून ती १९२२ साली उघडली. घुमटाखाली उभं करून हे सांगा, मुलं वर बघत राहतात.

मग मस्जिद बंदरला इंडियन सेलर्स होम. तिथे पहिल्या महायुद्धात समुद्रात गेलेल्या दोन हजारांहून जास्त भारतीय खलाशांचं स्मारक आहे. रत्नागिरीकडची किती घरं या बोटींवर होती ते तुमच्या वर्गातल्या कोकणातल्या मुलांना घरी विचारून यायला सांगा. जाण्याआधी तिथल्या ऑफिसात पत्र देऊन परवानगी घ्या.

कुलाब्याच्या नौदलाच्या अश्विनी हॉस्पिटलात आत जाता येणार नाही, पण मुरलीकांत पेटकर यांची गोष्ट तिथलीच आहे. सांगलीकडचा मुलगा, आर्मीत बॉक्सर, १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून कमरेखालचा भाग लुळा पडला, उपचार अश्विनीत झाले, आणि अंगात बळ यावं म्हणून पाण्यात उतरले. १९७२ साली हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर फ्रीस्टाईलमध्ये भारताचं पहिलं सुवर्णपदक त्यांनीच आणलं. पद्मश्री मिळाली २०१८ ला. मधल्या ४६ वर्षांत त्यांना कोणी का विचारलं नाही, हा प्रश्न मुलं विचारतीलच, तेव्हा तयारी करून जा.